ढग जागेवर उभा, वारा मात्र धावतोय

१९ जानेवारी २०२३. तुर्कस्तानातल्या बुर्सा शहरात लोक सकाळी कामाला निघाले आणि वाटेतच माना वर करून थांबले. आकाशात एक भलीमोठी तबकडी लटकत होती. कडा घासूनपुसून गुळगुळीत केल्यासारख्या, मधोमध खळगा, आणि उगवत्या सूर्याच्या उजेडात सगळी नारिंगी-गुलाबी झालेली. जवळजवळ तासभर ती तिथेच होती. तिचे व्हिडिओ जगभर फिरले आणि परग्रहावरच्या यानाच्या गोष्टीही त्यांच्याबरोबर फिरल्या.

तो ढगच होता. मला मात्र त्याच्या आकाराहून त्याचं न हलणं जास्त विलक्षण वाटतं. ढग वाऱ्याबरोबर वाहत जातात हे आपण लहानपणापासून बघत आलोय. मग हा का थांबला? वर वारा पडला होता का? उलट, वर वारा जोरात होता. तो नसता तर हा ढग झालाच नसता.

हे कोडं सुटलं की आकाशातले बहुतेक चमत्कारिक ढग आपोआप उलगडायला लागतात. म्हणून आधी तेवढं नीट समजून घेऊ.

कुकरची शिट्टी

कुकरची शिट्टी होते तेव्हा नीट बघा (लांबूनच). शिट्टीच्या अगदी तोंडाशी काहीच दिसत नाही. तिथे खरी वाफ असते, आणि पाण्याची वाफ डोळ्यांना दिसत नाही. तिथून बोटभर वर पांढरा लोट सुरू होतो. तिथे वाफ गार होऊन तिचे बारीक थेंब झालेले असतात. आणखी वर गेलं की लोट विरून जातो, कारण थेंबांची पुन्हा वाफ होते. शिट्टी चालू आहे तोवर तो पांढरा लोट एकाच जागी दिसतो, पण त्यातलं पाणी क्षणाक्षणाला नवं असतं. पाणी त्यातून जात असतं, लोट तिथेच राहतो.

ढगाचंही असंच. आपण त्याला कापसाच्या गाठोड्यासारखी एक वस्तू समजतो, पण हवेतली वाफ जिथे दिसू लागते, ती जागा म्हणजे ढग. हवा तिथे शिरते, तिच्यात थेंब धरतात. ती पुढे निघून जाते, थेंब विरतात.

आता हवा गार कशाने होते? मुख्यतः वर चढल्याने. सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह दाबून हवा सोडली की ती बोटाला गार लागते. दाबाखालची हवा मोकळी होते, फुगते आणि फुगताना गार पडते. वर जाणाऱ्या हवेवरचा दाब असाच कमी होत जातो. ती फुगते आणि दर किलोमीटरला साधारण १० अंश सेल्सिअसने थंड होते. एका उंचीला ती इतकी थंड होते की तिला सगळी वाफ सांभाळता येत नाही. तिथे ढगाचा तळ. हवा खाली उतरली की सगळं उलट, ती तापते आणि ढग पुसला जातो.

वर जाणारी हवा ढग लिहिते आणि खाली येणारी हवा तो पुसते, एवढं लक्षात ठेवलं तरी पुढचं बरंचसं समजेल.

थेंब असतात मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढे. ते पडतातच, पण सेकंदाला फार तर सेंटिमीटरभर वेगाने, त्यामुळे हवेचा जरासा उठाव त्यांना पेलून धरतो. एक किलोमीटर लांब, तेवढाच रुंद आणि तेवढाच उंच असा उघडिपीच्या दिवसातला साधा पांढरा ढग घेतला, तर त्यात सुमारे ५०० टन पाणी असतं. डोक्यावर एवढं वजन तरंगत असतं आणि आपल्याला पत्ताही नसतो.

ओढ्यातला दगड

बुर्साच्या तबकडीकडे परत येऊ. शहराच्या दक्षिणेला उलुदा नावाचा अडीच हजार मीटरहून उंच पर्वत आहे. ढगाचं सगळं गुपित त्या पर्वतात आहे.

वाहत्या ओढ्यात पाण्याखाली मोठा दगड असेल, तर त्याच्या पुढच्या अंगाला पाण्याची एक फुगवटी कायम दिसते. पाणी सरसर वाहून जात असतं, फुगवटी मात्र हलत नाही. तिच्यापुढे दुसरी, तिसरी, अशा उभ्या लाटा असतात. जोरदार वारा डोंगरावर आदळतो तेव्हा हवेतही हेच होतं. अट एकच: हवा थरांनी नीट बसलेली हवी. अशा हवेला डोंगराने वर ढकललं की ती आजूबाजूच्या हवेपेक्षा जड ठरते आणि खाली येते. येताना ओघात जरा जास्तच खाली जाते, मग पुन्हा वर उसळते. असे हेलकावे डोंगराच्या वाऱ्याआडच्या बाजूला कित्येक किलोमीटर चालतात.

लाटेच्या माथ्यावर हवा सर्वांत गार असते. त्या थरात पुरेशी वाफ असेल, तर माथ्यापुरते थेंब धरतात आणि उतरणीला लागताच विरतात. माथा गोलसर, म्हणून ढग भिंगाच्या आकाराचा. वारा एका कडेने आत शिरतो आणि दुसऱ्या कडेने बाहेर पडतो, सगळा वेळ. हवेत कोरडे आणि ओलसर थर आलटूनपालटून असले, तर एकावर एक रचलेल्या ताटांसारखी चळत दिसते. जपानमध्ये फुजी पर्वताच्या डोक्यावर अशी टोपी बसली की पाऊस येणार, असा तिथल्या लोकांचा जुना ठोकताळा आहे. त्यात तथ्यही आहे, कारण पावसाळी हवा येण्याआधी वरच्या थरांत वारा आणि ओलावा दोन्ही वाढतात.

आपल्याकडे लडाखात असे ढग सुंदर दिसतात. सह्याद्रीवर कळसूबाई किंवा राजगडाच्या माथ्यावर बसणारी ढगाची टोपी यांचीच जवळची नातेवाईक, फक्त ती डोंगराला चिकटून असते. रेखीव तबकड्या इथे कमी दिसतात, कारण पावसाळ्यात आपली हवा खालपासून वरपर्यंत इतकी ओली असते की एखादाच थर उठून दिसायला जागाच उरत नाही. लाटा मात्र असतात. भारतीय हवामान खात्यातले शास्त्रज्ञ आर. पी. सरकार यांनी १९६० च्या दशकात सह्याद्रीवरून जाणाऱ्या हवेच्या लाटांचं आणि त्यातून पडणाऱ्या पावसाचं गणित मांडलं होतं.

या लाटांची ताकद ग्लायडरवाल्यांना चांगली ठाऊक असते. २ सप्टेंबर २०१८ रोजी अर्जेंटिनात अँडीज पर्वताच्या लाटांवर स्वार होऊन ‘पर्लान २’ नावाचं इंजिन नसलेलं विमान २२ किलोमीटरच्या वर गेलं. प्रवासी विमानं जातात त्याच्या जवळजवळ दुप्पट उंची, आणि वर नेणारी फक्त डोंगरावरून उसळलेली हवा.

पहाटे येणारी हजार किलोमीटरची लाट

मला एकच ढग प्रत्यक्ष बघायची संधी मिळणार असेल, तर मी ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला कार्पेंटेरियाच्या आखाताकाठी बर्कटाउनला जाईन. जेमतेम वस्तीचं गाव. सप्टेंबर-ऑक्टोबरात तिथे पहाटे क्षितिजावर एक काळी रेघ दिसते. बघता बघता तिची एक गुंडाळी होते, आकाशाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. लांबी कधी कधी हजार किलोमीटरपर्यंत, जाडी एक-दोन किलोमीटर, तळ जमिनीपासून शेदोनशे मीटरवर. तासाला ५०-६० किलोमीटर वेगाने ती डोक्यावरून जाते. अचानक वारा सुटतो, मिनिटभरात थांबतो, आणि कधी कधी तिच्यामागे दुसरी गुंडाळी येते. तिचं नाव ‘मॉर्निंग ग्लोरी’.

तिचा जन्म आदल्या दिवशी शेकडो किलोमीटर दूर होतो. आखाताच्या पूर्वेला केप यॉर्क नावाचं द्वीपकल्प आहे, दोन्ही अंगांना समुद्र. शाळेत आपण खारे वारे आणि मतलई वारे शिकलो. दिवसा जमीन तापते आणि समुद्रावरून खारे वारे आत येतात. इथे ते दोन्ही किनाऱ्यांवरून येतात आणि संध्याकाळी द्वीपकल्पावर समोरासमोर भिडतात. पूर्वेकडच्यांना व्यापारी वाऱ्यांची साथ, म्हणून त्यांचा जोर सरस ठरतो. या टकरीतून हवेत एक लाट उठते आणि रात्रभर आखातावरून नैऋत्येकडे सरकत राहते.

ती वाटेत विरून का जात नाही? हिवाळ्यात पहाटे चुलींचा धूर वर न जाता छपरांच्या जरा वर आडवा पसरलेला तुम्ही पाहिला असेल. रात्री खालची हवा गार आणि तिच्यावर उबदार हवेचं झाकण, अशी नेहमीच्या उलट मांडणी होते. आखातावर असं झाकण असतं आणि लाट त्याच्याखालून, पन्हळीतून पाणी जावं तशी, लांबवर जाते. हुगळी नदीत भरतीच्या वेळी पाण्याची भिंत उलटी वर चढत जाते, तिची ही हवेतली बहीण.

लाटेच्या पुढच्या बाजूला हवा वर चढते, तिथे ढग लिहिला जातो. मागच्या बाजूला ती खाली येते, तिथे पुसला जातो. त्यामुळे गुंडाळी पुढे सरकताना मागे लोळत असल्यासारखी दिसते. बुर्साशी तुलना केली तर गंमत कळते. तिथे लाट उभी होती आणि हवा धावत होती. इथे हवा वरखाली होऊन जवळपास आपल्याच जागी राहते, धावते ती लाट. दोन्हीकडे ढगाने फक्त लाटेचा माथा दाखवला.

बर्कटाउनच्या पबमध्ये फ्रिजच्या काचेवर दव धरलं आणि लाकडी टेबलांचे कोपरे वर वळले, की उद्या पहाटे ढग येणार, असं तिथले लोक सांगतात. हे मला पटतं. लाट एरवीही येत असेल, पण हवेत ओलावा नसेल तर ती न दिसताच निघून जाते. १९८९ पासून ग्लायडरवाले तिथे जमतात आणि समुद्रात लाटेवर फळी चालवावी तसे या ढगाच्या पुढच्या अंगाने शेकडो किलोमीटर जातात.

विमानाने पाडलेलं भोक

कधी कधी आभाळभर खवल्याखवल्यांचे पांढरे ढग असतात आणि त्यात मधोमध एक स्वच्छ गोल भोक. भोकातून निळं आकाश, आणि मधे पिंजलेल्या कापसासारखी एक शेपटी लोंबत असते. वाटतं, कुणी खालून बोट घालून पाडलंय. यामागचं कारण मला सगळ्यांत लोभस वाटतं.

शून्य अंशाला पाणी गोठतं हे आपण पाठ केलेलं असतं. पण स्वच्छ, बारीक थेंब इतक्या सहजी गोठत नाहीत. बर्फाचा पहिला कण धरायला त्यांना काही तरी आधार लागतो, धुळीचा विशिष्ट कण किंवा आधीच तयार असलेला बर्फ. तो नसेल तर उणे १५, उणे २० अंशालाही ते पाणीच राहतात. अगदी उणे ३८ अंशांच्या आसपास मात्र आधाराशिवायही गोठतात. म्हणजे हे खवल्यांचे ढग थंडीने टपून बसलेले असतात, कुणी तरी सुरुवात करायची वाट बघत.

सुरुवात करतं विमान. पंखावरून आणि पंख्याच्या पात्यांवरून जाताना हवा एकदम फुगते आणि क्षणभर दहा-वीस अंशांनी आणखी गार होते. तेवढ्यात काही थेंब गोठतात. आता बर्फाचे कण आणि पाण्याचे थेंब शेजारी शेजारी आले. बर्फ हवेतली वाफ पाण्यापेक्षा जास्त जोमाने ओढून घेतो. वाफ कमी झाली की थेंब आटतात, आटलेल्या थेंबांची वाफ पुन्हा बर्फ खातो. कण जड होऊन खाली पडू लागतात, ती लोंबणारी शेपटी. आणि जिथे थेंब संपले तिथे भोक.

विमान तर सेकंदात निघून जातं, मग भोक तासभर वाढतच का राहतं? अमेरिकेतले शास्त्रज्ञ अँड्र्यू हेम्सफील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली याचा उलगडा केला. पाणी गोठताना उष्णता बाहेर टाकतं. त्या उष्णतेने मधली हवा हलकी होऊन वर जाते, तिच्या भोवतालची हवा खाली येते, आणि खाली येणारी हवा ढग पुसते. भोकाची कड अशी बाहेर बाहेर सरकत राहते. विमान थरातून तिरकं चढलं-उतरलं तर गोल भोक, थरातूनच सरळ गेलं तर लांब कालवा. टेक्सासच्या आकाशात एकाच दिवशी अशी डझनावारी भोकं आणि कालवे उपग्रहाच्या चित्रांत सापडले होते.

वळवाच्या ढगाखालची पोटं

हे बघायला मात्र लांब जायला नको. मे महिन्यात दुपारी वळवाचा ढग उभा राहतो, फुगत फुगत वर जातो, आणि वातावरणात पुढे चढता येत नाही अशा उंचीला थडकून लोहाराच्या ऐरणीसारखा आडवा पसरतो. पाऊस पडून गेल्यावर, सूर्य खाली आलेला असताना, त्या पसरलेल्या ऐरणीच्या पोटाकडे बघा. नशीब असेल तर तिथे गोल गोल थैल्या लोंबताना दिसतील, एकेक किलोमीटरभर रुंद, खालून आलेल्या तिरप्या उन्हात सोनेरी झालेल्या. यांचं ‘मॅमेटस’ हे नाव कासेच्या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आलंय. गाईची कास बघितलेल्या माणसाला ते समजावून सांगावं लागत नाही.

ढग म्हणजे चढणारी हवा, या आपल्या नियमाच्या हे उलट. इथे ढगच खाली उतरतो. ऐरणीतून बर्फाचे कण कोरड्या हवेत पडतात, त्यांची वाफ होताना आसपासची हवा गार आणि जड होते, आणि बर्फाने भरलेली ती हवा थैली-थैलीने खाली बसते. उतरताना ती तापते, पण बर्फ इतका असतो की तो संपेपर्यंत थैली दिसत राहते. एकेक थैली दहा-पंधरा मिनिटांत विरते. हे एक स्पष्टीकरण झालं. आणखी काही आहेत आणि कोणतं सगळ्यांत बरोबर यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत झालेलं नाही. त्या थैल्यांतून वादळ खाली उतरतं ही भीती मात्र खोटी. बहुतेकदा त्या दिसतात तेव्हा वादळाचा जोर पुढे सरकलेला असतो.

समुद्राच्या फुटत्या लाटांची ओळ असावी तसे ढगही असतात. दोन थरांतला वारा वेगवेगळ्या वेगाने वाहिला की सीमेवर असे वळसे उठतात, तळ्यावरच्या वाऱ्याने पाण्यावर उठावेत तसे. दोन-चार मिनिटांत संपतात. आणि समुद्र उलटा करून डोक्यावर टांगावा तसा दिसणारा ‘अस्पेरिटास’ तर अधिकृत यादीत अगदी अलीकडे आला. लंडनमधला औषधविक्रेता ल्यूक हॉवर्ड याने १८०२ साली ढगांना लॅटिन नावं दिली, त्यावर पुढे १८९६ मध्ये पहिला आंतरराष्ट्रीय मेघसंग्रह निघाला. जागतिक हवामान संघटनेने २०१७ मध्ये त्यात अस्पेरिटासची भर घातली. हौशी लोकांनी फोटो काढून पाठवले, वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, म्हणून ती झाली. याचा मला फार आनंद वाटतो.

पावसाच्या कितीतरी वर

आपला पाऊस आणि आपले ढग साधारण १५-१७ किलोमीटरच्या आत संपतात. त्यावर इतकं कोरडं असतं की ढग होऊच नये. तरी दोन ठिकाणी होतात.

पहिले ध्रुवांजवळ, हिवाळ्यात, १५ ते २५ किलोमीटरवर. शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखी त्यांची चमक, हलते गुलाबी-हिरवे रंग. नॉर्वेत ते दिसतात त्यामागे पुन्हा तोच ओढ्यातला दगड आहे. डोंगरावरून उठलेल्या लाटा इतक्या उंच पोहोचतात, माथ्यावर हवा उणे ८५ अंशांच्या आसपास जाते आणि उरलीसुरली वाफ गोठते. हे ढग मन वेधून घेतात, पण अंटार्क्टिकावर ओझोनचा थर विरळ होण्यात या जातीच्या ढगांचाच हात आहे. आपण हवेत सोडलेल्या रसायनांतला क्लोरीन त्यांच्या पृष्ठभागावर मोकळा होतो आणि वसंतात सूर्य उगवताच ओझोन फोडू लागतो.

दुसरे ८० किलोमीटरच्याही वर. उन्हाळ्यात, सूर्य मावळून तास-दीड तास झाल्यावर उत्तर क्षितिजावर निळसर चंदेरी जाळी पेटल्यासारखी दिसते. जमिनीवर अंधार असतो, पण एवढ्या उंचीला ऊन अजून पोहोचत असतं. तिथे उन्हाळ्यातच सर्वांत जास्त थंडी असते, उणे १२० अंशांच्याही खाली, कारण त्या ऋतूत तिथली हवा वर चढते आणि फुगून गार पडते. पुन्हा सायकलची ट्यूब! बर्फाला आधार देते जळून गेलेल्या उल्कांची राख. हे ढग पहिल्यांदा १८८५ मध्ये लोकांच्या नजरेत भरले, क्राकाटोआ ज्वालामुखी फुटल्यानंतर दोन वर्षांनी. भारतातून ते दिसत नाहीत. पण स्कॉटलंड-स्वीडनमध्ये राहणाऱ्या आपल्या लोकांनी जून-जुलैत रात्री उत्तरेकडची खिडकी जरूर उघडून बघावी.

कोकणकडा

हरिश्चंद्रगडावरचं इंद्रवज्र हा खरं तर ढगावरचा प्रकाश, पण त्याच्याशिवाय हा विषय आपल्या माणसाला सांगता येत नाही. कोकणकड्याचं तोंड पश्चिमेला. सकाळचं ऊन पाठीवर असेल आणि समोर दरीत ढग दाटलेला असेल, तर त्या ढगावर आपली सावली पडते आणि सावलीच्या डोक्याभोवती रंगांची पूर्ण गोल कडी उमटते. ब्रिटिश अधिकारी कर्नल साइक्स याने केलेलं या देखाव्याचं वर्णन १८३५ साली प्रसिद्ध झालं.

इंद्रधनुष्य पावसाच्या मोठ्या थेंबांत होतं आणि त्याची कमान प्रचंड असते. इथले थेंब फारच बारीक. त्यांच्या कडेला शिरलेला प्रकाश वळसा घेऊन आला त्याच दिशेने परत फिरतो, आणि परतणाऱ्या लहरी एकमेकींत मिसळताना रंग वेगळे होतात. थेंब जितके बारीक तितकी कडी मोठी. शेजारी शेजारी दोघे उभे असले तरी प्रत्येकाला कडी आपल्याच डोक्याभोवती दिसते, दुसऱ्याच्या नाही. विमानात सूर्याच्या विरुद्ध बाजूची खिडकी मिळाली, तर खालच्या ढगावर विमानाच्या सावलीभोवतीही ती सापडते.

१८९४ च्या सप्टेंबरात स्कॉटलंडच्या बेन नेव्हिस शिखरावरच्या वेधशाळेत चार्ल्स विल्सन नावाचा तरुण अशाच कड्या बघत होता. त्या त्याला इतक्या आवडल्या की केंब्रिजला परतून त्याने काचेच्या भांड्यात ढग बनवायला घेतला. ओलसर हवा कोंडायची आणि एकदम फुगू द्यायची. पुढे त्याच्या लक्षात आलं की त्या हवेतून विद्युतभारित कण गेला तर त्याच्या वाटेवर थेंबांची रेघ धरते. त्याला १९२७ साली नोबेल मिळालं. १९३२ मध्ये अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ कार्ल अँडरसनने अशाच मेघपेटीत एक रेघ इलेक्ट्रॉनच्या रेघेच्या उलट्या बाजूला वळलेली पाहिली. ती पॉझिट्रॉनची होती, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या उलट भाराच्या जुळ्या कणाची.